हात साफ आहे का?

अरे, हसताय काय, मला पहिली नोकरी लागली ती काळ्या हातांमुळे. मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच झालेला आणि मानपाड्याच्या एका कारखान्यात इंटरव्ह्यू. दादाने आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलेलं, टीमवर्क म्हणजे काय, कम्युनिकेशन स्किल म्हणजे काय. कल्याणहून बाइकवर सोडायलाही तोच आलेला. वाटेत बाइकची चेन उतरली. ती चढवली आणि माझे हात ग्रीसने काळेकुट्ट. रुमालाने पुसले तर रुमाल गेला, हात तसेच.

कारखान्यात मी हात टेबलाखाली लपवून बसले. समोर फोरमनसाहेब. त्यांचा पहिलाच प्रश्न, "हात साफ आहे का?"

मेले! यांनी बघितलं वाटतं. मी गपचूप दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नाही सर. सॉरी."

ते बघतच राहिले. "अगं, काम सफाईने करतेस का, असं विचारतोय मी. आणि हे काय झालं?"

"येताना चेन उतरली सर, भावाच्या बाइकची. मी चढवली."

"मग भाऊ काय करत होता?"

"मोबाइलवर व्हिडिओ बघत होता सर. चेन कशी चढवायची त्याचा."

साहेब इतके हसले की बशीतला चहा सांडला. "साफ आहे तुझा हात. सोमवारपासून ये."

बाहेर दादा ताटकळत उभा. "काय गं, काय विचारलं? मी सांगितलेलं आलं का?"

"नाही रे. तू काय करत होतास, ते विचारलं."