बावीस वर्षांचं हसू

...नाही, पण मी म्हणते, बायकोनं गंमत सांगितल्यावर नवऱ्यानं हसावं, ही काय फार मोठी अपेक्षा आहे का? तुम्हाला सांगते, बावीस वर्षं आमचे हे माझ्या प्रत्येक गोष्टीला पोट धरधरून हसले, दोनदा तर स्टुलावरून खाली पडले... आणि आता? समोर फळीसारखे बसतात! कारण काय, तर गांजा सोडलाय. हो, गांजा! सुतार माणूस, हातात जादू, पण रोज संध्याकाळचे झुरके ठरलेले. मागच्या महिन्यात करवतीखाली बोट जाता जाता वाचलं आणि घाबरून सोडला एकदाचा. मला आभाळ ठेंगणं झालं, पण यांची भूक गेली, झोप गेली, आणि हसू तर पारच गेलं.

नेलं डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी चष्मा सावरत सुताराला कळेल असं सांगितलं, "हे बघा, मेंदू गांज्यासारखा माल घरच्या घरी बनवतो. त्याला बसायला मेंदूत खुर्च्या असतात. बाहेरचे पाहुणे वर्षानुवर्षं लोंढ्यानं आले, तेव्हा मेंदूनं वैतागून खुर्च्याच कमी केल्या. आता पाहुणे बंद, पण घरच्यालाही बसायला जागा नाही. येतील खुर्च्या परत, महिनाभर धीर धरा."

झालं! यांना निमित्तच मिळालं. जेवा म्हटलं, तर खुर्च्या यायच्यात. हसा म्हटलं, तर खुर्च्या यायच्यात. बहिणीला फोन करा म्हटलं तरी तेच... अहो, बहिणीशी बोलायला कसली खुर्ची लागते?

पण खरं सांगू? मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर गमती गोळा करून घरी आणते, ते फक्त यांच्यासाठी. बावीस वर्षं हे हसले ते माझ्या गमतींमुळे, की गांज्यामुळे?

काल महिना भरला. मी मुद्दाम माझी हुकमी गोष्ट काढली. एका आजोबांनी दवाखान्यातून चुकून दुसऱ्याचीच कवळी नेली, पंधरा दिवसांनी उगवले, मला वाटलं आता भांडणार, तर हात जोडून म्हणतात, "बाई, हीच राहू द्या, हिच्यातून बोललेलं घरात ऐकतात." हसलात ना तुम्ही? हे नाही हसले. टक लावून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अगं, ही तू याच महिन्यात तिसऱ्यांदा सांगतेयस."

आल्या हो खुर्च्या! येताना आठवणसुद्धा घेऊन आल्या! म्हणजे बावीस वर्षं माझा अख्खा संसार सात-आठ गोष्टींवर निभावला, आणि हे दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत होते... रडूच फुटलं मला. तर यांनी पाठीवर हात ठेवला. "तू सांगत जा गं. हसू येईल न येईल, पण तू बोलायला लागलीस की घरी आल्यासारखं वाटतं."

आता बोला! एवढं गोड बोलल्यावर रागवायचीही सोय राहिली नाही. म्हणून विचारते, तुमच्यापैकी कुणाकडे एखादी कोरी गंमत आहे का हो? संध्याकाळी हे वाट बघत बसतील... आणि जुनी चालायची नाही, यांना आता सगळं आठवतं.