ताटाची घंटा

तुम्ही माझ्या घरच्या बालवाडीला हसता, पण तिथली शिस्त एकदा येऊन बघा. आसनगावात आमच्या पुढच्या खोलीत अकरा पोरं बसतात. घंटा आणायची राहूनच गेली, म्हणून मी स्टीलचं ताट लाटण्यानं वाजवते. ते वाजलं की दप्तर पाठीला, चपला पायात आणि रांगेनं फाटकाकडे. एवढं शिकवताना माझा घसा बसला होता.

परवा दहा वाजता, डबे उघडायच्या आधीच, सासूबाईंनी मागच्या अंगणात ताट बडवलं. वाळत घातलेल्या कुरडयांवर माकडं आली होती. मी वळेपर्यंत खोली रिकामी.

"अरे थांबा, शाळा सुटली नाय अजून," म्हणत मी मागे धावले.

रांगेत पहिली परी होती, साडेतीन वर्षांची. म्हणाली, "बाई, रांगेत बोलायचं नाय."

फाटकाबाहेर रस्ता आणि त्यावर डंपर. मी कशीबशी पुढे जाऊन फाटकाला पाठ लावून उभी राहिले. तेवढ्यात सासूबाई आल्या, ताट हातातच.

"आई, आधी ते ताट खाली ठेवा."

"मी माकडांना हाकलत व्हते. पोरांना कोन बोलला जा म्हनून?"

तेव्हापासून मी ताट सोडलं आणि शिट्टी घेतली. काल समोरच्या पत्र्यावर एक माकड नुसतं येऊन बसलं. परीनं त्याच्याकडे बघितलं, शांतपणे दप्तर पाठीला लावलं आणि मला म्हणाली, "बाई, माकड आलं. शाळा सुटली."