पुरणपोळी खाल्लेला बैल

नाही, पण तुम्हीच सांगा, बैलाला पुरणपोळी घालण्यात गैर ते काय, असे माझी पत्नी कल्पना गेल्या शुक्रवारपासून मला विचारते आहे, आणि मी म्हणतो, गैर काहीच नाही, परंतु तो बैल पोळ्याचा असावा, झुंजीचा नसावा!... ओमानमधील या सहम गावी आमचे चिरंजीव सलील नोकरीनिमित्त राहतात, आम्ही उभयता हिवाळ्यापुरते त्यांच्याकडे आलो, आणि येथे शुक्रवारी नमाजानंतर बैलांच्या टकरी होतात असे कळताच सर्वांनी जाण्याचा आग्रह कोणी धरला? मीच! कारण स्पेनमधील खेड्यांत उत्सवाला बैल गल्लीबोळांतून कसे सोडतात, माणसे पुढे कशी धावतात, हे सर्व मी वाचलेले; आणि येथे मात्र दोन बैल केवळ कपाळाला कपाळ भिडवून एकमेकांना रेटतात, पाठ फिरवील तो हरतो, हेही वाचलेले. सुसंस्कृत प्रकार! कोणासही धोका नाही!... असे मी गाडीत पुनःपुन्हा म्हणालो.

आमचे शेजारी कासम, मूळचे रत्नागिरीचे, येथे दुकान चालवतात, त्यांनी आम्हांस खमीस नावाच्या बैलमालकाकडे नेले. बैलाचे नाव रअद, म्हणजे मेघगर्जना. काळा, मानेचा खांब, आणि डोळे... डोळ्यांविषयी नंतर सांगतो. कल्पना म्हणाली, "अगं बाई, कपाळाला कुंकू नाही! आणि असा उपाशी धाडायचा होय याला?" मी 'अगं' म्हणेपर्यंत तिने सहलीचा डबा उघडला! खमीस हसले, "मामा, गुड, गुड!" (मामा म्हणजे येथे आई.) बैलाने एक पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, कल्पनेने झाकण लावून डबा माझ्या हाती दिला, आणि त्या क्षणापासून, तुम्हाला सांगतो, तो माझ्याकडे पाहत होता.

प्रेक्षक वर्तुळ करून वाळूतच बसतात. मी मांडी घातली. कासम म्हणाले, "काका, मांडी नको. सगले उकिडवे बसलेत बगा, बैल सुटला तं पलायला लागतंय." मी म्हणालो, मांडी हेच आरोग्यदायी आसन. समोर पांढरा प्रतिस्पर्धी आणला, दोरखंड ताणले, ध्वनिक्षेपकावरचे गृहस्थ ओरडू लागले. आता रअदने कोणाकडे पाहावे? त्या पांढऱ्याकडे ना? तो माझ्याकडे पाहत होता! मी डबा उपरण्याखाली घेतला, तो उपरण्याकडे पाहू लागला. डबा पाठीमागे लपवला, तर माझ्या पोटाकडे, जणू आरपार... वारा समुद्राकडून होता, आणि पोळ्या साजूक तुपातल्या.

सूनबाई देविका मोबाईलवर चित्रण करीत म्हणतात, "बाबा, सो क्यूट! तुमच्याकडेच बघतोय!" सलील म्हणाला, "बाबा, डबा फेका." तोच कल्पना कडाडली, "फेकून तर बघा! माझ्या आईचा डबा आहे!"... आणि दोर सुटला.

ते वर्तुळ क्षणात नाहीसे झाले हो! उरलो मी, मांडीसह. गुडघे उठू देईनात. सलील खांद्याला धरून ओढतो आहे, मी वाळूत फक्त सरकतो आहे. आणि रअद धावतही आला नाही. चालत आला. सावकाश, ओळखीच्या घरी यावे तसा. त्याचा श्वास माझ्या चष्म्यावर... मी डब्याचे झाकण ओढतो, झाकण निघेना, आणि तो माझ्याकडे पाहत होता!

तेवढ्यात कोण आले असेल? कल्पना! माघारी पळत! शिंग तिच्या खांद्यावरून पुढे आलेले, थोडी मान हलली असती तरी... आणि ही म्हणते, "द्या इकडे, एक झाकण उघडत नाही तुम्हाला!" आणि बैलाला, "खा रे राजा, सावकाश खा, ठसका लागेल." त्याने डबा चाटूनपुसून रिकामा केला, एक सुस्कारा सोडला आणि खाली बसला. हो, बसला! भर मैदानात रवंथ करू लागला! हरला.

मग खमीस आले. हाती काठी, चेहऱ्यावर हसू नाही. बराच वेळ अरबीत बोलले. कासमांचा चेहरा उतरत गेला. मी विचारले, "काय शिक्षा?" कासम म्हणाले, "काका, तो म्हनतो बैलाची चूक नाय. तुमची जागा चुकली. फुडच्या शुक्रवारी तुमी समोरच्या बैलाच्या मागं बसायचं. डब्यासकट. म्हंजे डब्याकडं येताना वाटेत कोन हाय ते रअद बगनार नाय, रेटीतच येनार."

मी कल्पनेकडे पाहिले, म्हटले, ही आता त्यांना खडसावील. तिने विचारले, "तूप जरा जास्त घालू का, विचारा." मी स्पष्ट सांगितले, मी येणार नाही! ती म्हणाली, "नका येऊ. मी बसते एकटी."

आता सांगा, सहधर्मचारिणीला दोन बैलांच्या वाटेत एकटी बसवून मी घरी वाचन करावे, हे शोभते का? नाही ना? मग?... उद्या शुक्रवार. आत कुकरने शिट्टी दिली, डाळ शिजली, आता ती वाटली जाईल. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात प्रथमच मला त्या डाळीविषयी बंधुभाव वाटतो आहे.