देवीला सोडलेलं तिखट

— न्हाय वो बाई, तंबाखू न्हाय. तुम्ही बघितलासा तसं समदीच बघत्यात. तोंडाच्या दवाखान्यात, या बाकड्यावर बसलेली बाई म्हंजे मिश्रीवालीच, असं धरूनच चालत्यात लोक. जल्मात शिवलो न्हाय मी मिश्रीला. च्या पितो, तेवढाच नाद. तरी गालाच्या आत पांढरं जाळं पडलंय — कोळ्यानं विणल्यागत. डॉक्टरनं लायकेन प्लॅनस म्हणून नाव सांगितलं, मला मेलं अजून नीट म्हणता येत न्हाय. एकाचं दुसऱ्याला लागत न्हाय, तेवढं बरं. सरकू नका, बसा.

तुम्ही कागलच्या न्हवं? आमच्या बावड्यात ओळखीचं कुणी न्हाय न्हवं? — बरं. मग सांगतो. कोल्हापूरची बाई आणि तिला तिखट चालंना, हे कुणाला सांगायचं? आमच्यात चटणी कुटून आली की समद्या बाया भाकरीवर घिऊन चव बघत्यात. मी घास तोंडात टाकला आणि डोळ्याला धाराच लागल्या. माझी जाऊ, चिमणाबाई, लगीच म्हनली, आक्का, तोंडात काय झालंय? आता एवढ्या बायांच्या म्होरं काय सांगू? म्हनलो, देवीला तिखट सोडलंय, चुकून खाल्लं म्हणून रडाय आलं. सुचलं तसं बोलून गेलो — पण बायांनी हातच जोडलं की. तवापास्नं कुठं जेवायला गेलो की माझ्यासाठी येगळा दहीभात. हळदीकुंकवाला पयला मान माझा. लाज वाटायची — आणि खरं सांगू, बरंबी वाटायचं.

मग डॉक्टरच्या मलमानं आग कमी झाली. मोनाच्या, माझ्या भाचीच्या लग्नात दोन घास तांबड्या रश्श्याचं खाल्लं, तर बाया म्हनल्या, देवी पावली आक्काला. मी व्हय म्हनलो. मलमाचं नावच काढलं न्हाय. डॉक्टरनं बजावलं होतं — हे जात न्हाय, नुसतं दबतंय. थोड्याच जणांत त्याचा क्यान्सर होतोय, पण होतोय, म्हणून दर सा म्हैन्यानं दाखवत ऱ्हायचं. दाखवायला कसं येऊ? देवी पावलेली बाई दवाखान्यात कुणाला दिसली तर? आलोच न्हाय मी. आता गालात एका जागी कडक लागतंय, जीभ सारखी तिथंच जातीया. आज तिथला कण काढून तपासाय देणार हायत. भीती हाय की, न्हाय कशी? पण ती माझी मला.

चिमणाबाईचं सांगत होतो न्हवं — न्हवतो? असू दे. तिची मिश्री जुनी. दिवाळीच्या आधी आली माझ्याकडं गाल धरून. आत जखम, भरंना. माझं पाय धरलं. आक्का, देवीला तू काय बोललीस ते मला सांग म्हनली. आणि मी सांगितलं वो. मंगळवारी न्हाऊन, वल्या पदरानं दिव्याम्होरं बसायचं, तिखट सोडलं म्हणायचं — बसल्या जागी रचून सांगितलं. दवाखान्यात जा म्हनलो न्हाय. म्हनलो असतो तर तिनं इचारलं असतं, तू गेलतीस काय. आता तिचं तोंड उघडंना. तिच्या लेकाला, विश्वजितला, घास बारीक करून घालाय लागतोय. माझ्यासारखाच दहीभात खाती, आणि परवा मलाच इचारती — आक्का, माझीच भक्ती कमी पडती काय गं.

— माझं नाव पुकारलं व्हय? थांबा. हा फोन घ्या. पयलाच नंबर, चिमणाबाईचा. लावून द्या तेवढा.

— हॅलो. चिमणे, मी बोलतोय. दवाखान्यात हाय. तोंडाच्या. — माझंच तोंड, दुसऱ्या कुणाचं? देवी न्हवती गं पावली, मलम लावत होतो मी. मला बरं झालंच न्हाय. तुझ्या विश्वजितला गाडी काढाय लाव आणि आत्ताच्या आत्ता हितं ये. ते वल्या पदराचं, दिव्याचं — समदं माझ्या मनचं होतं. — चिमणे? आयकतीस न्हवं?

तुम्ही जावा वो बाई आत, माझ्या जागी. मी बसतो. फोन ठेवला न्हाय अजून तिनं.