खरा आकडा

जासिंता: सही करणार नाही, साहेब.

बाल्दा: अगं, अर्ध्या तासात सभा आहे. संस्थेचे सगळे सभासद येऊन बसलेत. माल का नाकारला गेला ते मला वाचून दाखवायचंय, आणि खाली प्रयोगशाळेची सही लागते.

जासिंता: प्रयोगशाळा म्हणजे मी. आणि कागदावर लिहिलंय, दोन्या तेओलिंदानं, आपल्या चक्कीवरच्या बाईंनी, कोको जाडाभरडा दळला.

बाल्दा: मग दळलाच. एकशे सत्त्याऐंशी मायक्रॉन! चॉकलेट म्हणायचं की वाळू? ग्वायाकिलच्या गिऱ्हाइकानं उगाच नाही अख्खा माल नाकारला.

जासिंता: चाखून नाकारला?

बाल्दा: आपण पाठवलेला तक्ता बघून.

जासिंता: तुम्ही पाठवलेला. मी चोनेला आईकडे गेले होते. बसा इथं. हा तोच नमुना. कण मोजायचं मशीन काय म्हणतंय, वाचा.

बाल्दा: अठरा... पुढे टिंब, सात, तीन, चार.

जासिंता: म्हणजे शंभरातले नव्वद कण अठरा मायक्रॉनहून बारीक. लोण्यासारखा दळलाय. आता हे तक्त्यात कसं उतरलं ते बघा. मशीन दशांशाला टिंब देतं. आपल्या कॉम्प्युटरला स्वल्पविराम लागतो. टिंब म्हणजे त्याला हजाराची खूण वाटते. झालं काय?

बाल्दा: अठरा हजार सातशे चौतीस.

जासिंता: तसंच दिसलं होतं ना तुम्हाला?

बाल्दा: हो. काहीतरी चुकलंय हे कळलं. मग मी... स्वल्पविराम घातला.

जासिंता: कुठं?

बाल्दा: तीन आकड्यांनंतर. घाई होती गं. गिऱ्हाइकाचा तिसरा फोन आला होता.

जासिंता: अंदाजानं घातलात, आणि बाईला चक्कीवरून उठवून बिया निवडायला बसवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाल्दा: हे बघ, नवा तक्ता आजच पाठवतो. सभेत सांगू, मशीन बिघडलं होतं. महिन्याभरात तिला गुपचूप परत घेऊ. कुणाचंच वाईट नको.

जासिंता: मशीन बिघडलेलं नाही. तीही बिघडलेली नाही.

बाल्दा: तुझी नोकरी माझ्या सहीवर आहे, विसरू नकोस.

जासिंता: असू दे. माझी सही तेवढ्यानं स्वस्त होत नाही. आणि मूळ मोजणी मशीनमध्ये तारखेनिशी आहे, ती तुम्हालाही पुसता येत नाही आणि मलाही. हे बघा, नमुना निवडला, दशांशाची खूण बदलली, तक्त्यात काढला. अठरा स्वल्पविराम सात तीन चार. इतकंच काम होतं.

(तेओलिंदा दारात येऊन उभी राहते. हातात बियांची टोपली.)

तेओलिंदा: तुम्ही दोघं भांडताय ते अंगणात ऐकू येतंय.

बाल्दा: दोन्या तेओलिंदा, बरं झालं आलात. थोडा घोळ झाला होता. उद्यापासून चक्कीवर या.

तेओलिंदा: घोळ कुणाचा?

बाल्दा: आकड्यांचा.

जासिंता: साहेबांचा. तुमचा कोको अठरा मायक्रॉनचा होता, दोन्या तेओलिंदा.

तेओलिंदा: मला मशीननं सांगायला नको. बावीस वर्षं दळतेय. जिभेवर घेते, दाताला कण लागला की पुन्हा दळते. पण मला कुणी विचारलंच नाही.

बाल्दा: चुकलं. माफ करा.

तेओलिंदा: इथं नको. गेल्या सोमवारी नाव सगळ्यांसमोर घेतलंत. माफीही तिथंच मागा. आणि तो कागद फाडून नवा लिहा, चूक कुणाची ते नावानिशी.

बाल्दा: मी इथला इंजिनिअर आहे, बाई. त्या लोकांकडून उद्या मला काम करून घ्यायचंय.

तेओलिंदा: मलाही त्यांच्यातच राहायचंय. नाही वाचलंत तर चक्की तुम्हीच फिरवा.

जासिंता: त्या कागदावर मी सही करते. आत्ता.

बाल्दा: आणि लोक हसले तर?

तेओलिंदा: हसतीलच. मला आठ दिवस हसले. मी रोज आलेच ना कामाला.