सालदाराची सुट्टी

सिनेमा पाहून रडलो म्हणून हसू नोका, पुढचं आयका. सालभराच्या बोलीवर ठेवलेल्या आमच्या सालदारानं, गजाननानं, त्याच दिवशी दुपारची सुट्टी मांगतली होती. नवंनवं लगन, बायकोले वाशिमले हाच सिनेमा दाखवाचा होता. मी म्हटलं, "आभाळ आलं हाये, कापून रचलेली सोयाबीनची सुडी कोण झाकीन?" अन् मीच माह्या बायकोले गाडीवर बसवून निंगालो.

सिनेमातला हिरो गरीब, मालकाच्या वावरात राबते. हिरोईन तिकडं जत्रेत त्याची वाट पाहून राह्यली, अन् मालक काई त्याले सोडत नाई. टॉकीजभर लोकं मालकाले शिव्या देऊन राह्यले. मीबी डोये पुसत बोललो, "एक दुपार सोडलं असतं तं याच्या बापाचं काय जात होतं?"

बायको हळूच म्हणे, "तुमी तं बोलूच नोका."

येतायेता वावरात थांबलो. गजानन अन् त्याची बायको, दोघं मिळून सुडीवर ताडपत्री बांधून राह्यले होते. त्यानं इचारलं, "भाऊ, कसा हाये सिनेमा?"

मी ताडपत्रीकडं पाहूनच म्हटलं, "काई खास नाई."

तो बायकोकडं वळून हासला. "सांगतलं नोतं तुले? भाऊ आपल्या भल्यासाठीच नाई म्हणतेत."