अर्धा सूर खाली

(कार्यक्रमाआधी, रंगमंचामागची खोली. दोन भाऊ, आणि टेबलावर एकाच बनावटीच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी.)

थोरला : ...आणि याला तू तार म्हणतोस? लोखंडी गज आहे हा. खिडकीला बसव, चोर यायचा नाही.

धाकटा : दादा, नव्या तारा आहेत. कालच घातल्यात.

थोरला : म्हणूनच. तुझा हात लागला की वाट लागलीच. सोलोमध्ये तार ओढतो मी, आणि सूर अर्ध्या रस्त्यात फतकल मारून बसतो.

धाकटा : कुठल्या तारेला होतं असं?

थोरला : सगळ्या! सहाच्या सहा. विचारतोय कसा, जसा काही डॉक्टर.

धाकटा : आण इकडे. एकेक करून बघू.

थोरला : एकेक काय बघायचंय? तू मुद्दाम केलंयस. मी मधे उभा राहतो, तू कडेला. लोक माझ्याकडे बघतात, तुझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पोटात दुखतं तुझ्या, दुसरं काही नाही.

धाकटा : दादा, मी...

थोरला : आजचा कार्यक्रम शेवटचा. उद्यापासून तू या ऑर्केस्ट्रात नाहीस. नवा मुलगा बघून ठेवलाय मी. कार्यक्रम संपला की तुझी गिटार उचलायची आणि चालू पडायचं.

धाकटा : वहिनीला माहीत आहे हे?

थोरला : ती गाते. ठरवायचं काम माझं आहे.

धाकटा : बरं. मग जाता जाता तुझ्या गिटारीचं दुखणं तरी शोधून देतो.

थोरला : शोध. तेवढं तरी कर.

धाकटा : पहिली गोष्ट जाडी. जाड तार जास्त ताणावी लागते, म्हणून कडक लागते. तुझ्या गिटारीला आठ नंबर जाडीचा सेट आहे. याहून बारीक तारा इथल्या दुकानांत कुणी ठेवत नाही.

थोरला : आठचा? मी दहाचा वाजवतो! आठचा म्हणजे शिकाऊ पोरांचं खेळणं. कोणी सांगितलं तुला आठचा लावायला?

धाकटा : तू जाडी ओळखतोस ना बोटांनी? मग बरेच दिवस आठचाच होता, तेव्हा कसा बोलला नाहीस?

थोरला : उलट बोलू नकोस. पुढे बघ.

धाकटा : दुसरी गोष्ट उंची. तार दांडीपासून वर राहिली की दाबायला जोर लागतो. हे बसचं तिकीट घे, चार घड्या घाल. दांडीवरच्या बाराव्या फ्रेटच्या कांबीपाशी तारेखालून सरकव.

थोरला : अडकतंय.

धाकटा : अडकणारच. याहून खाली आणली तर तार फ्रेटवर खरखरेल. आता दांडी. पहिल्या फ्रेटवर तू दाब, शेवटच्यावर मी दाबतो. मधे किती फट दिसते?

थोरला : जराशी. केसाएवढी.

धाकटा : म्हणजे दांडी सरळ आहे. राहिलं वरच्या टोकाचं हाड, खाचांतून तारा जातात ते. त्या खाचा मी परवाच घासून खोल केल्यात. आता यात काही उरलं नाही, दादा.

थोरला : उरलं नाही कसं? आणि गंमत ऐक. ही गिटार घरी सरावाला घेतली की गज. स्टेजवर गेली की लोणी. मागच्या दोन कार्यक्रमांत सोलो कसा गेला? टाळ्या थांबेनात! ती मधल्या रांगेतली माणसं उभी राहिली होती. सांग याचं कारण, मोठा मेकॅनिक लागून गेलास तो.

धाकटा : सांगतो. आधी डोळे मीट.

थोरला : काय पोरखेळ लावलायस?

धाकटा : मीट तर. तुझी बाजूला ठेवतो, माझी देतो तुझ्या हातात. माझी किती कडक आहे ते बघ.

थोरला : दे. तुझी मऊ निघाली ना, तर बघ.

धाकटा : ही घे. तार ओढ.

थोरला : हां! बघ! बघ कशी ऐकते! ही तुझी. स्वतःची लोण्यासारखी ठेवायची आणि भावाच्या गळ्यात गज घालायचा. पकडला की नाही चोर? माझी गिटार मी अंधारातसुद्धा ओळखतो.

धाकटा : डोळे उघड. माझी टेबलावरच आहे. मी तिला हातसुद्धा लावला नाही. तुझीच उचलून तुलाच परत दिली.

थोरला : फसवलंस.

धाकटा : तार तीच, हात तोच. चोर पकडायचा होता म्हणून मऊ लागली. आणि ओढलेला सूर आत्ताही अर्ध्यावरच राहिला. तो तुला ऐकूच आला नाही.

वहिनी : (आत येत) किती मोठ्याने बोलताय? बाहेर खुर्च्या लावणारी माणसं ऐकताहेत. काय झालं, भाऊजी?

धाकटा : दादा मला काढतोय. उद्यापासून नवा मुलगा येतोय.

वहिनी : असं? कुणाला विचारून?

थोरला : तुला काय विचारायचंय? यानं माझी गिटार बिघडवली.

वहिनी : भाऊजी, सांगितलंत का यांना?

धाकटा : अर्धं सांगितलंय.

थोरला : काय अर्धं? काय चाललंय तुम्हा दोघांचं?

वहिनी : अहो, सकाळी शर्टाची बटणं कोण लावतं तुमची? मी. पाण्याच्या बाटलीचं झाकण कोण उघडतं? मी. गिटारीला कशाला दोष देता? तुमची बोटं गेली. अनामिका वाकत नाही, करंगळी तर नुसती सोबतीला आहे.

थोरला : सकाळी जरा आखडतात. थंडीने.

वहिनी : उन्हाळ्यात कशाने आखडत होती?

धाकटा : वहिनी, हळू.

वहिनी : हळू का? हे मला हळू बोलतात का कधी? अख्ख्या गावाला सांगत फिरतात, आधी बायकोचा वरचा सूर फाटायचा, मी घासून घेतली, आता कशी सहज चढते. मी चढले नाही हो. ऑर्केस्ट्रा खाली आलाय.

थोरला : म्हणजे?

वहिनी : तुम्ही जिला काळी चार समजता, ती पांढरी पाच आहे. सगळी गाणी अर्धा सूर खाली. बेसवाला खाली, भाऊजी खाली, मी खाली. तारा सैल राहाव्यात, तुमच्या बोटांना ओढता याव्यात म्हणून.

थोरला : खोटं. मी माझ्या कानाने गिटार लावतो. मशीन वापरत नाही मी. मशीनला कान नसतात.

वहिनी : मशीनला कान नसतील, पण मशीन खरं तरी बोलतं. तुम्ही की-बोर्डवाल्याला म्हणता, दे रे सूर. तो एक बटण दाबून पट्टी उतरवतो आणि मग देतो. तुम्ही डोळे मिटून, मान डोलवत त्याच्यावर लावता. वर त्यालाच विचारता, अचूक ना? तो हो म्हणतो, आणि बाहेर जाऊन पोट धरून हसतो.

थोरला : तो हसतो?

वहिनी : सगळेच हसायचो. आता जुनं झालं, आता कुणी हसत नाही.

थोरला : तू सांग रे. ही रागात आहे म्हणून बोलतेय. तू सांग.

धाकटा : खरं आहे, दादा.

थोरला : आणि त्या टाळ्या? मागच्या दोन कार्यक्रमांतल्या? त्या तर माझ्या कानांनी ऐकल्या. सोलो स्वच्छ वाजला होता. माझ्या पायाजवळच्या स्पीकरमधून एकेक सूर येत होता. ते बोटं गेलेल्या माणसाचं काम होतं?

धाकटा : नाही.

थोरला : मग?

धाकटा : तो स्पीकर माझ्या गिटारीला जोडला होता. तुझी वायर लावलेली असते. दिवाही लागतो. पण पुढे साउंडवाल्याने आवाज बंद केलेला असतो. मी कडेला, पडद्याच्या सावलीत उभा राहून वाजवतो. तू मधे उभा राहून हात हलवतोस. फार छान हलवतोस. मान मागे टाकतोस तेव्हा तर मलाही वाटतं, तूच वाजवतोयस.

थोरला : लहानपणी तुझ्या बोटांवर पट्टी मारून मारून शिकवलंय मी तुला. तुला सरळ दोन सूर लावता येत नव्हते. गाढव म्हणायचो मी तुला.

धाकटा : अजूनही म्हणतोस. चार लोकांत म्हणतोस.

थोरला : तू मरेपर्यंत कडेलाच राहशील. समजलं? तुझ्या तोंडाला बघायला कुणी घर सोडून येणार नाही.

धाकटा : तोंड तुझंच बघू देत. कान तर माझ्याकडेच आहेत त्यांचे.

थोरला : मी आज जात नाही स्टेजवर. जा, वाजवा तुम्ही दोघं.

वहिनी : जायचं. बाहेर फलकावर फोटो तुमचा आहे, भाऊजींचा नाही. मी एकटी उभी राहून लोकांना काय सांगू? बोटं आखडली म्हणून?

धाकटा : वहिनी, मी निघू का? दादाने ठरवलेला नवा मुलगा बोलवा. त्याला दादाचा सोलो येतो का, तेवढं फोनवर विचारून घ्या. आणि सावलीत उभं राहायची तयारी आहे का, तेही विचारा.

वहिनी : अहो, बोला. लोक आत यायला लागले.

थोरला : थांब म्हणावं.

वहिनी : माझ्यामार्फत कशाला? भाऊजी समोर उभे आहेत.

थोरला : थांब.

धाकटा : ऐकू नाही आलं, दादा.

थोरला : थांब म्हटलं ना!

धाकटा : गाढवाला म्हणतोयस की मला?

थोरला : तुला. भावाला. थांब, बाबा.

वहिनी : झालं? आता चेहरा पुसा. असं तोंड घेऊन उजेडात जाऊ नका.

साउंडवाला : येऊ का आत? आवाज तपासून घेतो म्हटलं. अरे, सगळे इथंच आहेत की! दादा, तुमचं आज काय? नेहमीसारखंच ठेवू ना?

वहिनी : विचारतोय तो तुम्हाला.

थोरला : हो. नेहमीसारखंच.